परम सद्भाव कोणाचा?

रेवस-करंजापासून श्रीवर्धनच्या जीवना बंदरापर्यंत मच्छीमारी नौकेचा विमा बहुधा कर्जाच्या पाठोपाठ येतो. छापील अर्ज दुसराच कोणी भरतो, नाखवा सही करतो. इंजिन कोणत्या साली बदलले, फळ्यांची डागडुजी कधी झाली, या रकान्यांत काय लिहिले गेले हे पुष्कळदा त्याने पाहिलेलेही नसते. नौका बुडाली की मात्र तोच अर्ज त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढे येतो.

१९६३ च्या सागरी विमा कायद्याचे कलम १९ म्हणते की हा करार परम सद्भावावर आधारलेला आहे, आणि कोणत्याही एका पक्षाने तो मोडल्यास दुसऱ्याला करार रद्द करता येईल. वाचायला समता दिसते. परंतु लगेच येणारे कलम २० सांगण्याचे सारे ओझे विमेदारावर टाकते. जोखमीच्या दृष्टीने महत्त्वाची, त्याला ठाऊक असलेली, इतकेच नव्हे तर धंद्याच्या ओघात ठाऊक असायला हवी अशी प्रत्येक बाब त्याने आपण होऊन सांगितली पाहिजे. चुकला तर कंपनी सबंध करार रद्द करू शकते. लबाडी नसेल तर हप्ता तेवढा परत. आणि कंपनी चुकली तर? या कलमाने नाखव्यालाही करार रद्द करण्याचाच अधिकार! नौका तळाशी गेल्यावर तो बजावून त्याच्या हाती हप्ताच पडणार. त्या नौकेवर वाटा घेणाऱ्या खलाशांना तर या करारात जागाच नाही.

खोटे सांगून विमा उकळणाऱ्याची वकिली आम्ही करीत नाही. त्याचा भार अखेर इतरांच्याच हप्त्यावर पडतो. पण हे तत्त्व जन्मले कसे ते पाहण्यासारखे आहे. सुमात्रातील मार्लबरो किल्ला फ्रेंचांनी घेतला, तेव्हा विमा उतरवून घेणाऱ्याने माहिती दडविल्याचा कांगावा केला. १७६६ साली लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी निकाल दिला तो विमेदाराच्या बाजूने! प्रश्न न विचारता हप्ता घ्यायचा आणि नुकसान झाल्यावर अज्ञान पुढे करायचे, हे त्यांनी चालू दिले नाही. आपल्या कलम २० मध्येही सर्वज्ञात गोष्टी कंपनीला ठाऊक आहेत असे धरले जाते. तेव्हा पावसाळ्यातला अरबी समुद्र कसा असतो, हे नाखव्याने तिला शिकवायला नको.

आपला कायदा हा इंग्लंडच्या १९०६ च्या कायद्याची जवळजवळ नक्कल. इंग्लंडने २०१५ मध्ये तो सुधारला: प्रामाणिक चूक असेल तर भरपाई प्रमाणात कमी करावी, सरसकट नाकारू नये. मूळ मालकाने टाकून दिलेला अंगरखा आपण अजून मिरवतो आहोत. २००० साली मॉडर्न इन्सुलेटर्स खटल्यात, विमेदाराला न कळविलेल्या वगळणुकीच्या अटींचा कंपनीला आधार घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले, हा एक दिलासा. पण कोर्टाची पायरी चढेपर्यंत कर्जाचे व्याज थांबत नाही.

संसदेत दुरुस्तीची मागणी झालीच पाहिजे. तोवर किनाऱ्यावरील कार्यकर्त्यांना करण्याजोगे काम आहे. यांत्रिक नौकांवरील बंदी ३१ जुलैला संपते. त्याआधी मच्छीमार संस्थांच्या कचेरीत बसून प्रत्येक अर्ज मराठीत मोठ्याने वाचून दाखवावा, उत्तरे नाखव्याच्या तोंडून घ्यावीत आणि सही केलेल्या अर्जाची प्रत त्याच्या घरी राहील असे पाहावे.