पुस्तकांशी गट्टी : बाराव्या भागाचा हिशेब

मुलांनो, पुस्तक हातात आल्यावर शेवटचं पान आधी वाचणारे तुमच्यात किती जण आहेत? हात वर करा पाहू! लाजू नका, मोठी माणसंसुद्धा असं करतात. एका पुस्तकाचं ठीक आहे. पण गोष्ट जर बारा पुस्तकांची असेल तर? तिचं शेवटचं पान आधी वाचून काहीच कळत नाही. बारा पुस्तकांत काय काय घडलंय, त्याचा सगळा हिशेब त्या शेवटच्या पुस्तकात मांडलेला असतो.

आज अशाच एका बाराव्या पुस्तकाबद्दल बोलू या. मालिकेचं नाव ‘हाउस ऑफ नाइट’, म्हणजे रात्रीचं घर. पहिला भाग २००७ साली अमेरिकेत निघाला आणि बारावा, ‘रिडीम्ड’, ऑक्टोबर २०१४ मध्ये. गोष्ट आहे व्हॅम्पायरांची. व्हॅम्पायर म्हणजे युरोपातल्या लोककथांमधली रक्त पिणारी पिशाच्चं. आपला वेताळ झाडाला लटकून राजाला कोडी घालतो. हे महाशय कोडी वगैरे घालत नाहीत, थेट मानेशी येतात!

या मालिकेची गंमत अशी, की ती दोघींनी मिळून लिहिली. आई आणि मुलगी! आई पी. सी. कास्ट. त्यांनी पंधरा वर्षं हायस्कुलात शिकवलं. मुलगी क्रिस्टिन, मालिका सुरू झाली तेव्हा कॉलेजात जायच्या वयाची. आईने गोष्ट लिहायची आणि मुलीने ती तपासायची, अशी वाटणी होती. सोळा वर्षांची मुलगी असं बोलेल का, हा शब्द आता कोणी वापरतं का, हे क्रिस्टिनने बघायचं. म्हणजे बाईंची वही मुलगी तपासणार! माझ्या वर्गातल्या मुलांना हे सांगितलं तेव्हा त्यांना भारीच आवडलं. एक जण म्हणाला, “बाई, लाल पेन मी आणतो.”

आता गोष्टीकडे वळू. झोई रेडबर्ड ही अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात राहणारी सोळा वर्षांची मुलगी. तिची आजी चेरोकी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी एका जमातीतली. एके दिवशी झोईच्या कपाळावर चंद्रकोर उमटते. ही खूण ज्याच्या कपाळी येते, त्याला घर सोडून टल्सा शहरातल्या व्हॅम्पायरांच्या शाळेत जावं लागतं. तिथे हळूहळू त्याचं शरीर बदलतं. पण सगळ्यांना हा बदल सोसत नाही. ज्याला सोसत नाही, तो मरतो. आणि या मुलांनी मोठ्या व्हॅम्पायरांच्या जवळच राहायचं, लांब गेलं की जिवाला धोका. हा नियम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

झोईला मैत्रमंडळी मिळतात. वायू, अग्नी, पाणी आणि पृथ्वी या चार तत्त्वांशी एकेकाचं नातं असतं. आपल्या पंचमहाभूतांत पाचवं आकाश. इथे पाचवा आत्मा, आणि तो झोईकडे. शाळेची प्रमुख नेफरेट सुरुवातीला झोईला आईसारखी वाटते. पुढे तीच सगळ्यात मोठी शत्रू निघते.

बारा भागांच्या नावांकडे जरा बघा. प्रत्येक नाव एकाच शब्दाचं. ‘मार्क्ड’ म्हणजे जिच्यावर खूण झाली ती. ‘बिट्रेड’, जिचा विश्वासघात झाला ती. ‘चोझन’, निवडली गेलेली. ‘हंटेड’, जिच्या मागे शिकारी लागले आहेत ती. बहुतेक नावांचा अर्थ एकच : मुलीला काहीतरी झालं, कोणीतरी काहीतरी केलं. ती स्वतः काय करते, ते नावात येतच नाही.

आपल्या मराठीत यासाठी फार छान जोड्या आहेत. “काच फुटली” आणि “मी काच फोडली.” “शाई सांडली” आणि “मी शाई सांडवली.” पहिल्या वाक्यात काच आपोआप फुटते, जणू तिथे कोणी नव्हतंच! मधल्या सुट्टीनंतर वर्गात मला नेहमी पहिलंच वाक्य ऐकू येतं. दुसरं म्हणायला छाती लागते.

आणि बाराव्या भागात झोई नेमकं हे दुसरं वाक्य म्हणते.

अकराव्या भागात काय होतं, तर टल्सातल्या वुडवर्ड पार्कमध्ये दोन माणसं तिला त्रास देतात. झोई आधीच संतापलेली असते. तिच्याकडे शक्ती असते आणि त्या क्षणी ती शक्ती तिच्या हातात राहत नाही, रागाच्या हातात जाते. ती त्या दोघांना भिरकावून देते. नंतर कळतं, की ती माणसं मेली. झोईला पळून जाता आलं असतं. “त्यांनीच आधी सुरुवात केली,” असं म्हणता आलं असतं आणि ते खोटंही नव्हतं. पण ती स्वतः पोलिसांच्या हवाली होते. बारावा भाग सुरू होतो तेव्हा गोष्टीची नायिका कोठडीत असते!

आता तो नियम आठवा. मोठ्या व्हॅम्पायरांपासून लांब राहिलं की जीव जाऊ शकतो. म्हणजे कोठडीत बसणं हे झोईच्या जिवावरचं आहे. हे तिला पक्कं ठाऊक आहे, तरी ती बसते. ती माणसं खरंच तिच्यामुळे मेली का, याचं उत्तर पुस्तकात आहे. मी सांगणार नाही, कितीही लाडीगोडी लावलीत तरी!

इकडे बाहेर नेफरेट टल्सा शहर ताब्यात घ्यायला निघाली आहे. मेयो हॉटेल नावाची एक खरीखुरी जुनी इमारत तिथे आहे, १९२५ साली उघडलेली. नेफरेट तिथे ठाण मांडते आणि लोकांनी देवी म्हणून आपली पूजा करावी असा हट्ट धरते. ही बाई इतकी दुष्ट का झाली? मालिकेच्या जोडीला २०१३ मध्ये ‘नेफरेट्स कर्स’ नावाचं छोटं पुस्तक निघालं होतं, त्यात ते येतं. १८९३ सालच्या शिकागोत ती एमिली नावाची साधी मुलगी होती. तिच्यावर स्वतःच्या घरातच फार मोठा अन्याय झाला. ते वाचून तिच्याबद्दल वाईट वाटतं आणि वाटायलाच हवं.

दोघींच्याही कपाळी खूण आली. दोघींनाही दुखावलं गेलं. मग एक नेफरेट का झाली आणि एक झोई का? मला या बारा पुस्तकांचं सार इथेच दिसतं. नेफरेटच्या तोंडी कायम “माझ्यावर अन्याय झाला” हेच वाक्य. ते खरं होतं, पण त्याच्या आडून तिने इतरांवर अन्याय केला. झोई म्हणते, “मला राग आला होता आणि हे मी केलं.” आपल्याला काय झालं, ते आपल्या हाती नसतं. पुढे आपण काय केलं, ते मात्र आपलं असतं.

आता ‘रिडीम्ड’ या शब्दाविषयी. कोशात ‘उद्धार’ असं सापडतं. पण घरी आपला ‘उद्धार’ होतो तो प्रगतिपुस्तक आणल्यावर, तेव्हा तो शब्द नको! गहाण ठेवलेला दागिना पैसे भरून सोडवून आणतात, त्यालाही इंग्रजीत हाच शब्द आहे. मला तो अर्थ आवडतो. रागाकडे गहाण पडलेलं आपलं मन सोडवून आणायचं. फुकट मिळत नाही, मोल द्यावं लागतं.

तसं पाहिलं तर बारावा भाग खरा शेवटचा ठरला नाही. त्याच पात्रांना घेऊन २०१७ पासून मायलेकींनी आणखी चार पुस्तकं लिहिली. पण झोईच्या त्या रागाचा हिशेब बाराव्यातच पुरा झाला.

पालकांसाठी दोन शब्द. ही मालिका लहानांची नव्हे. तिच्यात रक्तपात आहे, शिव्या आहेत, प्रेमप्रकरणं आहेत. नववी-दहावीच्या पुढच्या मुलांनी वाचावी आणि त्याआधी तुम्ही एक भाग चाळावा. वाचू द्यायची ठरवलीत, तर नंतर त्यावर मुलांशी बोला. “नेफरेटचं कुठे चुकलं?” एवढा एकच प्रश्न रात्रीच्या जेवणाला पुरेल. आणि मूल “मी काच फोडली” असं आपणहून सांगायला आलं, तर आधी त्या सांगण्याचं कौतुक करा. काचेचं नंतर बघू. नाहीतर पुढच्या वेळी काच आपोआपच फुटेल!

मुलांनो, या आठवड्याचा खेळ : “फुटली–फोडली” सारख्या दहा जोड्या शोधा आणि वहीत लिहा. हरवली, तुटली, पडली... सुरुवात मी करून दिली आहे. मग यातलं दुसरं वाक्य आठवड्यात एकदा तरी खरोखर म्हणून बघा. जीभ अडखळेल, पण नंतर हलकं वाटेल.

पुन्हा भेटू पुढच्या आठवड्यात, नव्या पुस्तकासह!

— तुमच्या बाई