गढूळ पाण्यातले एकाकी मासे

रायपूर हे तळ्यांचे शहर. बूढा तालाब, तेलीबांधा, महाराजबंध ही नावे तिथल्या जुन्या मराठी घरांतही सर्वांच्या ओठांवर असतात. तळ्याच्या काठावरून मूठभर मुरमुरे टाकले, की बघता बघता माशांचा थवा गोळा होतो आणि मुले टाळ्या पिटतात.

पण मासे केवळ खाण्यासाठीच एकत्र येत नाहीत. लहान माशाची खरी ढाल म्हणजे त्याचे सोबती. पुष्कळ डोळे असले, की शत्रू लवकर दिसतो. एक वळला, की सारे वळतात आणि या गर्दीतून एकच सावज निवडताना शिकारी माशाचा नेम चुकतो.

इतके एकजुटीने वळणे त्यांना साधते कसे? माशाच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना, कल्ल्यापासून शेपटीपर्यंत, एक बारीक रेषा असते. तिला पार्श्वरेषा म्हणतात. पाण्यातली हालचाल तिच्यामुळे जाणवते. मात्र अगदी जवळचीच. लांबचा सोबती शोधायला नजरच हवी आणि पाणी गढूळ झाले, की नेमकी तीच अधू होते.

डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून आपल्याकडे टाक्यांत, डबक्यांत गप्पी मासे सोडतात. त्रिनिदाद बेटावरच्या गप्पींवरील एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. पाणी एकाएकी गढूळ झाल्यावर हे मासे मंदावले, त्यांचे थवे लहान झाले आणि बरेच मासे एकेकटे फिरताना आढळले. कोण कोणाच्या सोबतीने राहतो, ही घडी मात्र विस्कटली नव्हती. सोबत हवी होती, पण ती दिसत नव्हती!

गढूळपणा वर्षानुवर्षे टिकला, तर परिणाम आणखी खोल जातात. आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरात सिक्लिड जातीच्या माद्या रंग पाहून आपल्याच जातीचा नर निवडतात. पाणी गढूळ झाले तिथे रंग ओळखू येईनात, जाती एकमेकींत मिसळू लागल्या आणि त्यांची विविधता घटली, असे १९९७ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले.

मात्र तळ्याचे पाणी काचेसारखे नितळच असावे, असे नाही. पाण्याला हलकी हिरवट झाक आणणारे सूक्ष्म जीव हे माशांचे अन्नच असते. मत्स्यपालक एक साधी परीक्षा करतात. हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवायचा. तळवा अंधूक दिसला, तर ठीक. त्याआधीच दिसेनासा झाला आणि पाणी मातकट असेल, तर समजावे, की मातीचा गाळ फार झाला आहे.

तळ्यात हा गाळ येतो तो उघड्या जमिनीवरून वाहून आलेल्या मातीतून, सांडपाण्यातून आणि विसर्जित मूर्तींमधूनही. रायपुरात खारून नदीकाठी महादेव घाटाजवळ मूर्ती विसर्जनासाठी वेगळे कुंड बांधले आहे. घरची शाडूची मूर्ती तर बादलीतही विरघळते आणि ते पाणी अंगणातल्या झाडाला घालता येते. बाप्पाला निरोपही मिळतो आणि तळ्यातल्या माशांची ताटातूटही टळते.