उमेदवाराची उत्तरे, मालकाचे प्रश्न

‘स्वतःविषयी थोडे सांगा.’ नोकरीच्या मुलाखतीतला हा पहिला प्रश्न वरकरणी इतका साधा आहे, की त्याची तयारी ती काय करायची असे कोणासही वाटावे. परंतु जिल्ह्याच्या गावी पदविका पुरी करून पुण्याच्या किंवा चाकणच्या एखाद्या कारखान्याच्या दाराशी प्रथमच उभ्या राहिलेल्या मुलाची जीभ नेमकी याच प्रश्नाला अडखळते. यंत्राविषयी विचारा, तो सांगेल. मोजमापाचे गणित घाला, तो सोडवील. स्वतःविषयी मात्र आजवर त्याला कोणी विचारलेलेच नसते. शाळेत नाव, गाव, जात आणि वडिलांचा धंदा एवढे विचारण्यात आले, आणि त्यातले निम्मे सांगताना त्याने मान खाली घातली होती. मग तो मार्गदर्शिकेतले वाक्य म्हणून मोकळा होतो : आपण कष्टाळू, प्रामाणिक आणि संघभावनेने काम करणारे आहोत. समोरच्या अधिकाऱ्याने हेच वाक्य सकाळपासून दहा वेळा ऐकलेले असते.

या तयारीचा आज मोठा बाजार झाला आहे. पुण्याच्या पेठांतील अभ्यासिकांच्या भिंतींवर अभिरूप मुलाखतींच्या जाहिराती लागतात. नमुना उत्तरांची पुस्तके पदपथावर विकली जातात. कोट कोणत्या रंगाचा असावा, खुर्चीत किती रेलून बसावे याचेही वर्ग चालतात. पुरोगामी मंडळींत या सगळ्याची टिंगल करण्याची रीत आहे. मालकापुढे कसे वाकावे याचे शिक्षण, अशी त्याची संभावना केली जाते. ही टिंगल स्वस्त आहे. जो ती करतो त्याच्या घरात हे शिक्षण फुकट मिळालेले असते. वकिलाच्या, डॉक्टरच्या, प्राध्यापकाच्या घरातील मूल जेवणाच्या टेबलावर रोज मुलाखत देत असते : आज काय वाचलेस, तुला काय वाटते, असे का वाटते? मोठ्या माणसाच्या डोळ्यांला डोळा देऊन आपले मत मांडावे आणि ते खोडून निघाले तरी हसून ऐकावे, हे त्याच्या अंगवळणी पडते. ज्या घरात मोठ्यांपुढे गप्प बसणे हेच वळण समजले जाते, आणि मोठ्यांनाही मालकापुढे, सावकारापुढे, तलाठ्यापुढे गप्पच बसावे लागते, तेथले मूल विसाव्या वर्षी ही विद्या एकदम कोठून आणणार? पहिल्याच्या वळणाला ‘व्यक्तिमत्त्व’ म्हणतात आणि दुसऱ्याच्या संकोचाला ‘आत्मविश्वासाचा अभाव’. गुण मात्र दोघांनाही एकाच तक्त्यावर दिले जातात.

न्यायालयांनाही हे दिसले होते. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशासंबंधीच्या अजय हासिया खटल्यात लेखी परीक्षेला शंभर आणि तोंडी परीक्षेला पन्नास गुण होते. प्रत्येक उमेदवाराची मुलाखत दोन-तीन मिनिटांत आटोपली होती आणि प्रश्न होते आईवडिलांविषयी व राहत्या ठिकाणाविषयी. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी घटनापीठाच्या वतीने ही पद्धत मनमानी ठरविली, पंधरा टक्क्यांहून अधिक गुण अशा तोंडी परीक्षेला असू नयेत असे सांगितले आणि मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात अशीही सूचना केली. पुढे १९८५ साली हरियाणाच्या लोकसेवा आयोगासंबंधीच्या अशोककुमार यादव खटल्यात हाच विचार सरकारी नोकऱ्यांपर्यंत आला. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून ‘क’ व ‘ड’ गटांतील आणि ‘ब’ गटातील अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या. तो निर्णय चांगलाच होता. वशिला आणि चिरीमिरी यांचे एक मोठे दार त्याने बंद झाले. ते कोणत्या सरकारने बंद केले यावरून त्याचे मोल कमी-जास्त ठरू नये.

परंतु वरच्या पायऱ्यांवर मुलाखत आहे तेथेच आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत अंतिम २०२५ गुणांपैकी २७५ मुलाखतीचे आहेत, आणि महाराष्ट्राच्या राज्यसेवेनेही आता तोच साचा स्वीकारला आहे; पूर्वी तेथे नऊशेपैकी शंभर गुण मुलाखतीला असत. तरीही आयोगापुढे निदान एक नियमावली असते, मराठीतून उत्तरे देण्याची मुभा असते, न्यायालयात जाण्याची वाट असते. खाजगी नोकरीत यांपैकी काहीच नसते. उमेदवार नाकारला जातो आणि का नाकारला गेला हे त्याला कधीच कळत नाही. ‘आम्ही कळवू’ एवढेच त्याला सांगितले जाते, आणि तो फोनची वाट पाहत राहतो.

म्हणूनच त्या ठरावीक प्रश्नांकडे एकदा नीट पाहिले पाहिजे. ‘पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कोठे पाहता?’ हा त्यांतला सर्वांत लाडका प्रश्न. तो विचारणारी आस्थापना पुष्कळदा उमेदवाराला अकरा महिन्यांच्या करारावर घेणार असते. मार्च २०१८ मध्ये मुदतबंद नेमणुकीची मोकळीक सर्वच उद्योगांना देण्यात आली, तेव्हापासून कायमच्या नोकरीची अपेक्षा करणे हाच एक अडाणीपणा समजला जाऊ लागला. अकरा महिन्यांपलीकडचे वचन जो देत नाही त्याने साठ महिन्यांच्या निष्ठेची हमी मागावी, यातला विनोद उमेदवाराला कळत नाही असे नाही. पण हसण्याची चैन त्याला परवडत नाही. तो सांगतो, ‘याच कंपनीत अधिक जबाबदारीच्या जागी.’ दोघांनाही ठाऊक असते की हे खरे नाही.

‘मधली दोन वर्षे काय करीत होतात?’ हा प्रश्न अधिक कठोर आहे. कोणी त्या काळात स्पर्धा परीक्षेची तयारी करीत होता आणि जागाच निघाल्या नाहीत. कोणी आजारी आईजवळ होती. कोणाच्या घरची विहीर आटली आणि तो शेतावर राहिला. आयुष्यातील सर्वांत कष्टाचा काळ अर्जावर ‘रिकामा’ म्हणून दिसतो, आणि उमेदवार तो लपविण्यासाठी कोठल्याशा संगणक-वर्गाचे प्रमाणपत्र जोडतो.

स्त्रियांसाठी तर प्रश्नांची एक वेगळीच वही असते. लग्न ठरले आहे काय? ठरल्यावर गाव बदलणार काय? मुले लहान असतील तर सांभाळणार कोण? १९७६ च्या समान वेतन कायद्याने भरतीत स्त्री म्हणून भेद करण्यास मनाई केली होती. म्हणजे या प्रश्नांचा बेकायदेशीर वापर थांबावा ही अपेक्षा जवळजवळ पन्नास वर्षांची आहे. २०१७ साली प्रसूतीची रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर नेण्यात आली. ही सुधारणा आवश्यकच होती. परंतु राज्य विमा योजनेबाहेरच्या आस्थापनांत त्या रजेच्या वेतनाचा भार एकट्या मालकावर टाकण्यात आला, आणि मालकाने तो मुलाखतीच्या खोलीत त्या मुलीवर परत टाकला. तिने काय उत्तर तयार करावे? खरे सांगितले तर नोकरी जाते. खोटे सांगितले तर नोकरीची सुरुवातच खोटेपणाने होते. ‘कामाच्या वेळा मी पाळीन, त्यासाठी घरची व्यवस्था केलेली आहे’ एवढेच सांगून विषय कामाकडे वळवावा, असा शहाणा सल्ला अनुभवी स्त्रिया देतात. तो उपयोगी आहे. पण तोही लाज विचारणाऱ्याच्या पदरात न घालता उत्तर देणारीच्या पदरात घालतो.

आणि जात? ती थेट कोणी विचारत नाही. ‘घरची पार्श्वभूमी’ विचारली जाते. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी खाजगी कंपन्यांच्या वृत्तपत्री जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज निरनिराळ्या आडनावांनी पाठवून पाहिले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दलित नावाच्या अर्जदारांना बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण नावांच्या मानाने स्पष्टपणे कमी आढळली, आणि मुसलमान नावांच्या बाबतीत तर त्याहूनही कमी. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी भरती करणाऱ्या अधिकाऱ्यांना गाठले. आपण केवळ गुणवत्ता पाहतो असे हे अधिकारी आग्रहाने सांगत होते, आणि उमेदवाराचे घराणे, वडिलांचा व्यवसाय, संस्कार हे पाहणे कसे आवश्यक आहे हेही तितक्याच सहजतेने सांगत होते. या दोन वाक्यांतला विरोध त्यांना जाणवत नव्हता. ‘वडील काय करतात?’ या प्रश्नाचे उत्तर कोणत्या वर्गात शिकवणार?

मग तयारी करूच नये काय? उलट, अधिक करावी. पण मार्गदर्शिकेतली नव्हे. एक उदाहरण घेता येईल. बीड किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबातला एखादा मुलगा. दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर कारखान्याच्या तळावर जायचे, उन्हाळ्याच्या तोंडी परतायचे आणि अधल्यामधल्या काळात जमेल तशी शाळा, असे त्याचे बालपण गेले. नवरा-बायको मिळून एक कोयता; त्या कोयत्यावर मुकादमाकडून घेतलेली उचल; किती टन तोडले, उचलीतले किती फिटले, किती पुढच्या हंगामावर गेले, याचा हिशेब. घरात लिहिता-वाचता येणारा हाच एकटा, म्हणून बाराव्या-तेराव्या वर्षापासून तो हिशेब याच्या वहीत. वजनाच्या पावत्या जपायच्या, मुकादमाच्या आकड्याशी ताडून पाहायच्या, फरक निघाला तर दहा कुटुंबांच्या वतीने बोलायला जायचे, आणि तेही भांडण न होऊ देता, कारण पुढच्या वर्षी उचल त्याच्याकडूनच घ्यायची असते.

या मुलाला मुलाखतीत विचारले जाते, ‘अडचणीच्या प्रसंगी तुम्ही इतरांना बरोबर घेऊन काम केल्याचे एखादे उदाहरण सांगा.’ तो महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाची सजावट कशी केली ते सांगतो. कारण पुस्तकात तसे लिहिलेले असते. हिशेब, वाटाघाट, जबाबदारी आणि संयम यांचा जो अनुभव त्या खोलीतल्या कोणाही अधिकाऱ्यापाशी त्या वयात नव्हता, तो त्याच्या तोंडून बाहेर पडत नाही. तो अनुभव म्हणजे अनुभव आहे, दारिद्र्याची कबुली नव्हे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. उत्तर तयार करणे म्हणजे आपल्या आयुष्यातील असे चार-पाच प्रसंग शोधून काढणे. काय घडले, आपण नेमके काय केले, त्यातून काय निष्पन्न झाले, हे दोन मिनिटांत सांगता येईपर्यंत मोठ्याने म्हणून पाहणे. आणि मित्रांनी त्यावर आडवेतिडवे प्रश्न विचारणे. याला कोट लागत नाही आणि शिकवणीचे शुल्कही लागत नाही. लागतो तो ऐकणारा माणूस.

हे ऐकल्यावर अधिकारी प्रभावित होईलच असे नाही. ‘ऊसतोड’ हा शब्द कानी पडताच काहींच्या चेहऱ्यावरचा पडदा बदलतो. परंतु मुलाखतीच्या शास्त्रावर झालेले संशोधनही याच बाजूने बोलते. १९९८ साली श्मिट आणि हंटर यांनी, आणि २०२२ साली सॅकेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी, निवडीच्या निरनिराळ्या पद्धतींचा एकत्र आढावा घेतला. गप्पांच्या ओघात सुचतील ते प्रश्न विचारणाऱ्या मुलाखतीपेक्षा, सर्वांना तेच प्रश्न विचारून आधी ठरविलेल्या कसोट्यांवर गुण देणारी मुलाखत उमेदवाराच्या पुढील कामाचा अंदाज कितीतरी चांगला देते, असे दोन्ही आढाव्यांतून दिसते. म्हणजे पार्श्वभूमीचा वास घेत बसणारा अधिकारी अन्याय तर करतोच, शिवाय आपल्या मालकाचे नुकसानही करतो. मालकांना निदान हे दुसरे कारण तरी पटावे.

ही तयारी करून घेण्याचे काम कोणाचे, हा प्रश्न उरतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि तालुक्याची महाविद्यालये यांनी ते वेळापत्रकात घातले पाहिजे. शेवटच्या वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात बाहेरचा पाहुणा बोलावून व्याख्यान ठेवल्याने ते होत नाही. कामगार संघटनांनीही या कामाला हात घालायला हवा. नोकरीत असलेल्यांचे हक्क राखणे हेच आपले काम, असे मानण्याची सवय संघटनांना जडली आहे. दाराबाहेर उभा असलेला मुलगा त्यांच्या दृष्टीने अजून कोणीच नसतो, आणि आत गेल्यावर तो करारावर असल्यामुळे पुन्हा कोणीच नसतो. युनियनच्या कचेरीत रविवारी सकाळी दोन जुने कामगार बसले आणि त्यांनी चार नव्या मुलांची तालीम घेतली, तर त्या मुलांना कारखान्यातले खरे काम काय असते हे कळेल आणि संघटनेला चार नावे कळतील.

त्या तालमीत एक प्रश्न अवश्य घ्यावा. ‘तुमची पगाराची अपेक्षा किती?’ येथे विचारणाऱ्यापाशी सर्व आकडे असतात आणि उत्तर देणाऱ्यापाशी एकही नसतो. तो भीतभीत कमी आकडा सांगतो आणि पुढची कित्येक वर्षे त्याच आकड्यावर टक्केवारीने वाढत राहतो. युरोपीय संघाने २०२३ साली काढलेल्या निर्देशानुसार जागेचा पगार मालकाने आधी सांगावयाचा आहे आणि उमेदवाराचा पूर्वीचा पगार विचारावयाचा नाही. आपल्याकडे असा नियम होण्याची वाट पाहायची असली, तरी त्याच विभागात त्याच कामाला आज काय मिळते हे जुना कामगार नव्या मुलाला सांगू शकतो. त्याला कायदा लागत नाही.

मुलाखत संपत आल्यावर एक प्रश्न बहुधा येतोच : ‘तुम्हांला काही विचारायचे आहे काय?’ शंभरातले नव्वद उमेदवार ‘नाही, साहेब’ म्हणतात आणि उठतात. नेमणूक कायम की मुदतीची, मुदतीची असल्यास किती. भविष्य निर्वाह निधी पहिल्या महिन्यापासून कापला जाणार काय. जादा कामाचा दर कोणता. नियुक्तिपत्र कामावर रुजू होण्यापूर्वी हाती पडेल काय. पाळी रात्री संपली तर घरी जाण्याची सोय काय. यांतले दोन तरी प्रश्न, सभ्य भाषेत, बसल्या जागेवरूनच विचारता यावेत, इतकी तालीम त्या रविवारच्या सकाळी व्हावी.