दुधाची जागा एका पेल्यात भरत नाही

पिंपरी-चिंचवडमधल्या आकुर्डीत पहिल्या पाळीचे कामगार कंपनीच्या बसची वाट पाहत उभे असतात, तोवर दुधाच्या पिशव्या घरोघरी पोचलेल्या असतात. घरातल्यांचा चहा आणि बाळाचा पेला, दोन्ही त्या पिशवीतूनच निघतात. बाळ वर्षाचे झाले, आई पुन्हा कामावर जाऊ लागली, की अंगावरचे दूध कमी होते आणि वरच्या दुधावर भिस्त वाढते. काही घरांत नेमके तिथेच अडते. बाळाचे पोट फुगते, शी पातळ होते, अंगावर पित्त उठते, कधी शीत रक्ताचे धागे दिसतात. मग सल्ले सुरू होतात. आजी म्हणते शेळीचे दूध द्या, शेजारीण म्हणते बदामाचे काढा, दुकानदार ‘ए-टू’ची बाटली पुढे करतो. सगळ्यांचा जीव त्या बाळासाठीच तुटत असतो. पण यातले बरेच सल्ले बाळाच्या उपयोगाचे नसतात आणि काही घातक असतात.

पर्याय शोधण्याआधी आजार कोणता, हे कळले पाहिजे. ‘दूध सोसत नाही’ या तक्रारीखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. एक म्हणजे दुधातली साखर, लॅक्टोज, न पचणे. आपल्याकडे मोठ्या माणसांत हे सर्रास आढळते, पण वर्ष-दोन वर्षांच्या मुलात ते बहुधा तात्पुरते असते. जोराचे जुलाब होऊन आतड्याचे अस्तर दुखावले, की लॅक्टोज फोडणारे एन्झाइम कमी पडते, आणि काही आठवड्यांत अस्तर भरून आले की दूध पुन्हा पचू लागते. अशा मुलाला दही अनेकदा चालते, कारण विरजणातले जिवाणू लॅक्टोजचा काही भाग आधीच संपवतात.

दुसरी गोष्ट म्हणजे दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी. केसीन आणि व्हे या प्रथिनांना शरीराची प्रतिकारशक्ती शत्रू मानते. इथे दही, ताक, पनीर, खवा, सगळेच बंद करावे लागते आणि लॅक्टोजमुक्त दुधाचाही उपयोग होत नाही, कारण त्यातली प्रथिने जशीच्या तशी असतात. काही मुलांना दूध प्यायल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत पित्त उठते, ओठ सुजतात, उलटी होते. काहींना त्रास तासांनी किंवा दिवसांनी दिसतो. श्वास घरघरू लागला किंवा मूल निपचित पडले, तर घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठावे.

त्रास उशिरा दिसणाऱ्या मुलांत बालरोगतज्ज्ञ साधारण दोन ते चार आठवडे दूध पूर्ण बंद करायला सांगतात आणि मग देखरेखीखाली पुन्हा देऊन पाहतात. बंद केल्यावर बरे वाटले आणि सुरू केल्यावर त्रास परतला, तरच निदान पक्के. या परीक्षेचा दुसरा भाग अनेक घरांत होतच नाही. मूल बरे झाले, आता कशाला पुन्हा छेडायचे, असे म्हणून दूध वर्षानुवर्षे बंद राहते. मात्र ज्याला लगेच पित्त किंवा सूज येते, त्याच्यावर हा प्रयोग घरी कधीच करू नये.

आता सल्ल्यांकडे येऊ. शेळीच्या दुधातली प्रथिने गाईच्या दुधातल्या प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात, की गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या दहापैकी नऊहून अधिक मुलांना शेळीचेही सोसत नाही. शिवाय त्यात फोलेट फार कमी असते. म्हशीच्या दुधाचीही तीच गत. ‘ए-टू’ दुधात बीटा-केसीन या एकाच प्रथिनाच्या रचनेत किंचित फरक असतो, बाकी प्रथिने तीच. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये पाकिटांवरचे ए-वन, ए-टूचे दावे काढायला सांगितले आणि काही दिवसांतच तो आदेश मागे घेतला. दावे राहिले, पण ॲलर्जी असलेल्या मुलासाठी ते दूध सुरक्षित नाही.

वनस्पतींपासून केलेल्या पेयांचे काय? गाईच्या दुधात १०० मिलीला तीन ग्रॅमहून थोडी जास्त प्रथिने असतात, तर बाजारातल्या बदामाच्या पेयात बहुधा ग्रॅमभरही नसतात. नारळाच्या दुधात स्निग्धांश आहे, प्रथिने नगण्य. तांदळाच्या पेयात प्रथिनेही नाहीत आणि आर्सेनिकचीही भीती आहे, म्हणून ब्रिटनमध्ये पाच वर्षांखालील मुलांना ते देऊ नये असे सांगितले जाते. २००१ साली ‘पीडिॲट्रिक्स’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या दोन बालकांची हकिकत छापून आली. तांदळाच्या पेयावर वाढवलेल्या २२ महिन्यांच्या मुलाला क्वाशिओरकर, म्हणजे प्रथिनांच्या अभावाचे गंभीर कुपोषण झाले होते. दुसऱ्याला सोयाच्या साध्या पेयावर ठेवल्याने मुडदूस झाला होता. ही गरीब देशातली, दुष्काळातली मुले नव्हती. आईबापांनी पैसे मोजून ‘आरोग्यदायी’ म्हणून आणलेली पेयेच ती पीत होती.

त्यातल्या त्यात दुधाच्या जवळ येते ते सोयाचे पेय, तेही कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि बी-१२ मिसळलेले आणि बिनसाखरेचे. २०१९ साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि आहारतज्ज्ञांच्या संस्थांनी मिळून हाच निर्वाळा दिला. घरी काढलेल्या सोयाच्या दुधात वरून काही मिसळलेले नसते, हे विसरू नये. आणि दुधाची ॲलर्जी असलेल्या काही मुलांना सोयाही सोसत नाही, म्हणून सुरुवात डॉक्टरांना विचारूनच करावी. वर्षाच्या आतल्या बाळाला तर यातले कोणतेच पेय दुधाच्या जागी देऊ नये. त्याला आईचे दूध, गरज पडल्यास आईने स्वतःच्या जेवणातून दुधाचे पदार्थ वगळून, किंवा डॉक्टरांनी लिहून दिलेले खास फॉर्म्युला दूध. हे डबे महाग असतात, कंत्राटी कामगाराच्या पगारात महिनोन्‌महिने बसत नाहीत.

म्हणून माझे ठाम म्हणणे आहे, की दुधासारखा दिसणारा दुसरा पेला शोधण्यात शक्ती घालवू नये. दूध बाळाला काय काय देत होते याची यादी करावी आणि ते ताटातून कसे मिळेल ते पाहावे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला ५०० मिलीग्रॅम कॅल्शियम लागते. १०० ग्रॅम नाचणीत ते साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास असते, तिळात हजारच्या आसपास. म्हणजे ३० ग्रॅम नाचणीची खीर पाण्यात गूळ घालून केली आणि दोन चमचे तिळाचे कूट भाताला-भाजीला लावले, तर दोनशे मिलीग्रॅम जमले. कॅल्शियम मिसळलेल्या सोयाच्या पेयाचा एक पेला बहुधा तेवढाच हातभार लावतो. उरलेले राजगिऱ्याच्या भाजीतून, शेवग्याच्या पाल्यातून, चालत असेल त्या घरी सुकटीतून येते. नाचणीला मोड आणून सत्त्व केले तर कॅल्शियम अंगी जास्त लागते. पालकावर मात्र विसंबू नये. त्यातले ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवते. प्रथिनांसाठी डाळी, अंडे, दाण्याचे कूट आहेच. दाणे आणि बदाम अख्खे कधीच देऊ नयेत, घशात अडकतात. शाकाहारी घरात बी-१२ चा मुख्य आधार दूधच असते. ते बंद झाले, की बी-१२ चे औषध डॉक्टरांकडून मागून घ्यावे.

एवढे करूनही घात होतो तो घराबाहेर. बिस्किटांत, पावात, नूडल्सच्या मसाल्यात दुधाची भुकटी असू शकते. २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार पाकिटबंद अन्नावर दुधाचा उल्लेख ॲलर्जीकारक घटक म्हणून करावा लागतो, तो वाचण्याची सवय लावावी. पण बेकरीतल्या सुट्ट्या खारीला लेबल नसते, आणि तुकोबांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते तेव्हा प्रेमाने हातावर ठेवलेल्या पेढ्यालाही नसते. आई-वडील कामावर असताना मूल ज्यांच्याकडे असते, त्या आजीला, शेजारणीला, पाळणाघरातल्या ताईला हे समजावून सांगणे औषधाइतकेच महत्त्वाचे आहे.

इथे जबाबदारी एकट्या आईवर टाकून चालणार नाही. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सोय बंधनकारक केली. आकुर्डी ते चाकण पट्ट्यातल्या अशा प्रत्येक पाळणाघरात मुलांच्या ॲलर्जीची नोंद भिंतीवर असावी आणि दुधाविना खाऊची सोय असावी. महापालिकेच्या आकुर्डीतल्या रुग्णालयात आणि संत तुकारामनगरच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात बालरोग विभागाबरोबर आहारतज्ज्ञाचा ठरलेला वार असावा, आणि गरजू बाळांना खास फॉर्म्युला सवलतीत मिळावा. हे फार मोठ्या खर्चाचे काम नाही. ते कुणीतरी मनावर घ्यायला हवे.

आणि पालकांनो, धीर सोडू नका. दुधाची ॲलर्जी असलेली बहुतेक मुले शाळेच्या वयापर्यंत त्यातून बाहेर पडतात. तोवर दर महिन्याला वजन करा, वाढीची रेघ अंगणवाडी सेविकेकडून किंवा डॉक्टरांकडून तपासून घ्या, आणि सहा महिने ते वर्षाने ‘आता पुन्हा दूध देऊन पाहायचे का’ हे डॉक्टरांना न विसरता विचारा.