देवाला वेगळी फूटपट्टी का?

सध्या पोस्टिंग कोलकात्यात, मुक्काम न्यू टाउनला. इथे टागोरांच्या नावाने ‘रवींद्र तीर्थ’ उभे आहे. बंगाली माणूस त्यांची गाणी गुणगुणतो. मला मात्र त्यांचा एक वाद जास्त जवळचा वाटतो.

१५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. हजारो माणसे गेली. ही अस्पृश्यतेच्या पापाची ईश्वरी शिक्षा आहे, असे गांधीजी म्हणाले. अस्पृश्यता टागोरांनाही मान्य नव्हती, तरी त्यांनी जाहीर हरकत घेतली. भूकंपाची कारणे नैसर्गिक असतात, आणि लहान मुलांना, खुद्द दलितांनाही चिरडून धडा शिकवणारा देव मानला तर माणूसच त्याच्यापेक्षा नीतिमान ठरेल, असा त्यांचा मुद्दा. गांधीजींनी मत सोडले नाही, पण ही हरकत स्वतःच्या ‘हरिजन’मध्ये छापली. दोघेही मोठेच.

मी टागोरांच्या बाजूचा. ‘देवाचा न्याय माणसाला कळत नाही’ हे उत्तर नेहमी मिळते. मग त्याला दयाळू तरी कशाच्या आधारावर म्हणायचे? स्तुती करताना माणसाची फूटपट्टी चालते, तर जाब विचारतानाही ती चालली पाहिजे. युद्धातसुद्धा १९४९ चा चौथा जिनेव्हा करार नागरिकांना सामूहिक शिक्षा द्यायला मनाई करतो. ज्या कृत्यासाठी एखाद्या कॅप्टनचे कोर्ट मार्शल होईल, तेच देवाच्या नावावर टाकले की न्याय कसा होतो?

प्रश्न पुस्तकी नाही. १९९३ मध्ये अनंत चतुर्दशीचे विसर्जन झाले आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी परिसरातली गावेच्या गावे कोसळली. बहुतेक जीव गेले ते मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली. पाप शोधत बसलो, तर भिंतींकडे कोण बघणार?

यात नास्तिकपणा नाही. आपल्या संतांनी विठ्ठलाला जाब विचारला, जनाबाईने तर त्याला शिव्याही घातल्या. त्यांची भक्ती त्यामुळे तसूभरही कमी झाली नाही.

देव असेल, तर त्याला आपल्या प्रश्नांची भीती वाटायचे कारण नाही. भीती वाटते ती त्याच्या वतीने निकाल वाचून दाखवणाऱ्यांना. पुढच्या आपत्तीनंतर कोणी ‘ही शिक्षा आहे’ म्हणाले, तर एवढेच विचारा: ढिगाऱ्याखालच्या पोराचा गुन्हा काय होता?