थाळीला देणगी मिळते, टेम्पोला मिळत नाही

रमजान निम्म्यावर आला की आमच्या मोहल्ल्यात दोन प्रकारचे फोन सुरू होतात. एक रात्रीचा, इफ्तार आणि मगरिबची नमाज आटोपल्यानंतरचा. ‘दीड डेग पुलाव उरलाय, कुठे पाठवता येईल का?’ दुसरा दुपारचा. सरकारी दवाखान्यात पेशंटजवळ बसलेल्या नातेवाइकांना जेवण मिळेल का, असे कोणीतरी विचारत असते. पहिला फोन येतो तेव्हा खाणारे सापडत नाहीत, दुसरा येतो तेव्हा अन्न नसते. दोन्ही फोन एकाच गावातले आहेत, त्यांच्यात अंतर आहे ते फक्त सोळा-सतरा तासांचे.

इफ्तार म्हणजे सूर्यास्ताला रोजा सोडणे, हे आता बहुतेक वाचकांना ठाऊक आहे. दिवसभर उपाशी राहून भुकेची ओळख करून घ्यायची, असा त्यामागचा एक हेतू सांगितला जातो. कुराणने खाण्यापिण्याची मुभा देतानाच उधळपट्टीला स्पष्ट मनाई केली आहे. आणि तरीही रमजानातच आमच्या दस्तरखानांवर सर्वांत जास्त अन्न उरते. चिरलेले कलिंगड, पपई, भजी, समोसे, वर पुलाव. आपला मोहल्ला शेजारच्या मोहल्ल्यापेक्षा कमी पडू नये, ही भावना त्यात किती असते हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. हा आमच्या समाजाचाच दोष आहे असे मात्र नाही. लग्नाच्या पंगती, गणपती-नवरात्रातले महाप्रसाद, वाढदिवसांचे बुफे, सगळीकडे तेच. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातले ६० टक्के घराघरांतून. भारतातल्या घरांत माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो, असा त्यांचा अंदाज आहे. दुसरीकडे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालील १०० मुलांपैकी ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली. हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की भाषण तयार होते. पण भाषणाने पुलाव दवाखान्यापर्यंत पोहोचत नाही.

तो पोहोचवतात ती गावातली पाच-सहा मुले. कोणी मोबाइलच्या दुकानात काम करतो, कोणी कॉलेजात आहे. त्यांच्यात मुसलमान आहेत, मराठा आहेत, एक मारवाड्याचा मुलगाही आहे. स्वतःच्या मोटारसायकलवर, पेट्रोल स्वतःच्या खिशातून. पातेली मंडपवाल्याची, तीही रात्रीच परत करायची. त्यांना काय कमी पडते असे विचारले तर ती पैसे म्हणत नाहीत. थाळ्यांसाठी पैसे देणारे रमजानात रांगेत उभे असतात. ‘एक दिवसाचा इफ्तार माझ्याकडून’ म्हणणाऱ्यांची यादी महिना सुरू होण्यापूर्वीच भरते. त्यांना हवा आहे एक डीप फ्रीझर, दहा-बारा झाकणाचे गरम राहणारे डबे, महिन्यातले काही दिवस भाड्याने टेम्पो, आणि फोन घेऊन वाटपाचा हिशेब ठेवणारा एक पगारी माणूस. हे मागितले की देणारा गप्प होतो. फ्रीझरसोबत फोटो काय काढायचा? आणि पगार म्हटले की शंका सुरू: ‘मग हे सेवा कसली करतात?’

या शंकेला आमच्या धर्मातच उत्तर आहे, आणि ते मशिदीतल्या बयानात फारसे ऐकू येत नाही. जकात म्हणजे गरजेपलीकडच्या, वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीतला अडीच टक्के हिस्सा. तो कोणाला द्यायचा याचे आठ हक्कदार कुराणाने सांगितले आहेत. पहिले दोन गरीब आणि मोहताज. तिसरे कोण? जकात गोळा करणारे आणि वाटणारे कर्मचारी. म्हणजे दान पोहोचवण्याच्या कामाला मेहनताना लागतो, हे चौदाशे वर्षांपूर्वी मान्य झालेले आहे. फित्र्याचेही तसेच. ईदच्या नमाजेला जाण्यापूर्वी ठरलेल्या मापाचे धान्य किंवा त्याची किंमत गरजूच्या हातात पडली पाहिजे. किती द्यायचे याच्याइतकेच कधी पोहोचले पाहिजे याला तिथे महत्त्व आहे.

मात्र जकातीच्या पैशातून फ्रीझर घेता येईल का, तर बहुतेक हनफी उलेमांचे मत असे की जकात गरजूच्या मालकीची झाली पाहिजे. संस्थेच्या फ्रीझरची मालकी काही गरिबाकडे जात नाही. थोडक्यात, अन्नाला जकात-सदका मिळतो, यंत्रणेला मिळत नाही. मग यंत्रणेचा पैसा आणायचा कुठून? माझे म्हणणे असे की तो अनुदानातून, रीतसर अर्ज करून आणावा. आणि हे काम मशिदीने एकट्याने न करता गावाने मिळून करावे.

‘अर्ज’ म्हटल्यावर आमच्याकडे दोन आक्षेप येतात. मोहल्ल्यातले एक बुजुर्ग मला म्हणाले, ‘बेटा, अल्लाहचं काम, त्याला कंपनीवाल्यापुढं हात कशाला पसरायचा?’ त्यांचा मान राखून सांगतो, हा हात पसरणे नव्हे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीचा निव्वळ नफा ५ कोटींवर आहे, किंवा उलाढाल १००० कोटींची, किंवा नक्त मालमत्ता ५०० कोटींची आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची असते. कोणत्या कामांवर, याची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे आणि तिच्या पहिल्याच कलमात भूक, दारिद्र्य व कुपोषण निर्मूलन येते. शिवाय कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही कायदा सांगतो. आपल्या एमआयडीसीतल्या मोठ्या कारखान्याचा धूर आपल्या गावावर पडतो आणि त्याचा सीएसआर निधी दुसऱ्या जिल्ह्यात खर्च होतो, यात कारखान्याइतकाच आपलाही दोष आहे. आपण अर्जच करत नाही.

दुसरा आक्षेप तरुणांचा: पैसा आला की भांडणे येतात, पैशाविनाही कामे चालतात. यात तथ्य आहे. २०१४ मध्ये दिल्लीत सुरू झालेली रॉबिन हूड आर्मी आजही देणगीत पैसा घेत नाही, स्वयंसेवकांच्या वेळेवर चालते. पण ज्या शहरात हजारो स्वयंसेवक मिळतात तिथे हे जमते. आपल्याकडे दोन मुले परीक्षेला बसली आणि एकाचे लग्न ठरले की काम थांबते. मुंबईत माजी पोलीस महासंचालक डी. शिवानंदन यांची रोटी बँक उभी राहिली, ती फोन क्रमांक आणि गाड्यांच्या आधारावर. सदिच्छा तर सगळ्यांकडेच असते, रात्री साडेअकराला चालू होणारी गाडी प्रत्येकाकडे नसते.

आता कागदपत्रे. कंपनीचा निधी घ्यायचा तर संस्था नोंदणीकृत हवी, आपल्याकडे धर्मादाय आयुक्तांकडे. आयकर खात्याची १२ए आणि ८०जी नोंदणी हवी. १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा फॉर्म भरून क्रमांक घ्यावा लागतो. आणि अशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. ही शेवटची अट लहान गावांना मारते. काम पाच वर्षांपासून चालू असते, नोंद एका दिवसाची नसते. मोबाइलमधले फोटो म्हणजे नोंद नव्हे. किती किलो आले, कोणाकडून, किती वाजता, कुठे गेले, किती टाकून द्यावे लागले, हे लिहिलेली वही म्हणजे नोंद. या रमजानात वही सुरू केली तर तीन वर्षांनी अर्ज करता येईल. तोपर्यंत आधीपासून नोंदणी असलेल्या एखाद्या अनुभवी संस्थेच्या छत्राखाली काम करता येते.

८०जीमधली एक अट मला फार आवडते. जी संस्था एखाद्या विशिष्ट धर्मासाठी किंवा जातीसाठीच चालते, तिला ही सवलत मिळत नाही. म्हणजे फक्त मुसलमानांना जेवण, किंवा फक्त अमुक समाजाला जेवण, असा उद्देश लिहिलात की दार बंद. मशिदीची कमिटी, गुरुद्वाऱ्याचा लंगर, मंदिराचे अन्नछत्र, मंगल कार्यालयांचे मालक आणि केटरर यांनी मिळून एक धर्मादाय न्यास करावा, असे कायदाच जणू सुचवतो आहे. आमचा भर एका महिन्याचा, लग्नसराई वैशाखातली, महाप्रसाद भाद्रपद-आश्विनातले. एकट्या मशिदीने घेतलेला फ्रीझर अकरा महिने रिकामा राहील. गावाचा घेतला तर वर्षभर भरेल.

अर्जात काय लिहावे याबद्दल थोडे सविस्तर, कारण इथेच घसरायला होते. मराठीत दोन शब्द आहेत: उरलेले आणि उष्टे. कंपन्यांच्या इंग्रजी फॉर्ममध्ये दोन्हींसाठी बहुधा एकच शब्द असतो, आपण मात्र फरक सोडायचा नाही. पातेल्यात राहिलेले, कोणाचा हात न लागलेले अन्न माणसाला द्यायचे. ताटातले उष्टे कोणत्याही गरिबाला द्यायचे नाही, तो माणूस आहे. उष्ट्याची वाट वेगळी: खत किंवा बायोगॅस. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांच्या ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने, स्वयंपाकघरातल्या खरकट्यावर चालणारे छोटे बायोगॅस संयंत्र तयार केले आणि त्याला २००६ मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला. असे संयंत्र मंगल कार्यालयाच्या मागच्या अंगणात बसते. अर्जात ते वेगळे काम म्हणून मागावे.

दुसरे म्हणजे तापमान. शिजवलेले अन्न ६० अंशांच्या वर गरम किंवा ५ अंशांच्या खाली थंड राहिले पाहिजे, मधल्या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. सहा वाजता शिजलेला पुलाव उन्हाळ्याच्या दिवसांत रात्री अकरापर्यंत उघड्या डेगीत ठेवून वाटणे म्हणजे पुण्य नव्हे, जोखीम आहे. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने उरलेले अन्न गोळा करून वाटण्यासाठी २०१९ मध्ये स्वतंत्र नियम केले आहेत. ते वाचून, त्याप्रमाणे नोंदणी करून मगच अर्ज करावा. अन्नात खुपसायचा थर्मामीटर काही शे रुपयांना मिळतो. अर्जातली ती सर्वांत स्वस्त वस्तू, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची.

तिसरी गोष्ट थोडी कडू आहे. अन्नाची नासाडी आणि माणसाची भूक या दोन वेगळ्या अडचणी आहेत. एकीच्या उत्तरातून दुसरी आपोआप सुटत नाही. उरलेले अन्न देणाऱ्याच्या वेळेनुसार येते. भूक तिच्या वेळेनुसार लागते. शनिवारी बिर्याणी आणि मंगळवारी काहीच नाही, याने दवाखान्यातल्या बाईचा किंवा रेशनकार्ड नसलेल्या बांधकाम मजुराच्या पोराचा प्रश्न सुटत नाही. ‘आम्ही उरलेले वाटतो’ एवढाच अर्ज म्हणजे यजमानाचा प्रश्न सोडवण्याचा अर्ज. प्रामाणिक अर्जात दोन भाग असावेत: उरलेले आले तर ते, आणि न आलेल्या दिवशी विकत घेतलेल्या डाळ-तांदळाची खिचडी. हा दुसरा खर्च लिहायला संस्था कचरतात, कारण त्याने एका थाळीचा दर वाढतो. वाढू द्यावा.

फॉर्ममध्ये ‘लाभार्थी संख्या’ नावाचा एक रकाना असतो. तिथे शून्य वाढवण्याचा मोह सगळ्यांना होतो. चाळीस माणसांना आठवड्यातून पाच दिवस, असे लिहिणाऱ्याला कदाचित चार हजार थाळ्या लिहिणाऱ्यापेक्षा कमी पैसे मिळतील. तरी चाळीसच लिहावे, कारण उद्या कोणी तपासायला आले तर ती चाळीस माणसे दाखवता येतील. आणि ‘लाभार्थींचे फोटो जोडा’ असे असेल तर फ्रीझरचा, वहीचा, थर्मामीटरचा फोटो जोडावा. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये असे आमच्याकडे सांगतात. घेणाऱ्याचा चेहरा कंपनीच्या वार्षिक अहवालात छापून आणणे त्यात कुठे बसते?

कंपन्यांनाही सांगायला हवे. फॉर्म मराठीत घ्या. ज्या गावात कारखाना आहे त्या गावच्या संस्थेला चाळीस पानी इंग्रजी प्रस्ताव मागून तुम्हाला सल्लागार मिळतील, काम करणारी मुले मिळणार नाहीत. पगार आणि डिझेल हा ‘वरखर्च’ नाही, ते कामच आहे. निवडक संस्थांना एका वर्षाऐवजी तीन वर्षांसाठी पैसे द्या. एका वर्षात फ्रीझर येतो आणि दुसऱ्या वर्षी त्याचे वीजबिल भरायला कोणी नसते.

आणि या पानाचे बिगरमुस्लिम वाचक, ज्यांच्यापैकी अनेक जण दरवर्षी इफ्तारला आवर्जून येतात, त्यांना एक विनंती. यंदा येताना फळे आणू नका, फळे पुष्कळ आहेत. तुमच्यात कोणी सीए असेल, बँकेतून निवृत्त झालेला असेल, कचेरीत आयुष्यभर फायली हाताळलेला असेल, तर त्याने या मुलांना चार संध्याकाळी द्याव्यात. न्यासाची घटना लिहायची आहे, धर्मादाय कार्यालयात चकरा मारायच्या आहेत, बँकेत खाते उघडायचे आहे. मंगल कार्यालयांच्या मालकांची एक बैठक लग्नाच्या तारखा सुरू होण्यापूर्वी घ्यायची आहे. बुकिंग घेतानाच ‘उरलेले अन्न कोणाला द्यायचे’ हा प्रश्न फॉर्मवर छापून घ्यावा, असे मुलांचे म्हणणे आहे. दोन मालक तयार आहेत, तिसऱ्याला विषबाधेची भीती वाटते. त्याची भीती रास्त आहे, आणि म्हणूनच पहिल्या महिन्याच्या यादीत थर्मामीटर सर्वांत वर लिहिला आहे.