‘दहा वेळा लिहून आण’

लिहिताना अडखळणाऱ्या मुलाला आपल्याकडे सर्वांत आधी काय मिळतं, तर आणखी लिखाण. शब्द चुकला, दहा वेळा लिही. अक्षर वेडंवाकडं, रोज पाच ओळी शुद्धलेखन. पाय लचकलेल्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावण्यासारखाच हा उपाय. माझी नोकरी माण तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांमध्ये गेली. या उपायानं सुधारलेलं पोर मला तिथं भेटलं नाही.

तिसरीच्या वर्गात एक पोरगा होता. घरी मेंढरं. रात्री मेंढी कशी अडली, आज्यानं कोकरू कसं ओढून काढलं, वार पडेपर्यंत आई कशी जागी राहिली, हे तो असं सांगायचा की वर्ग चिडीचूप. ‘माझा आवडता प्राणी’ लिहायला बसवलं की वहीत उतरायचं, ‘मेढी. ती चागली.’ पेन्सिल इतकी आवळून धरायचा की पान उलटलं तर अक्षरं बोटाला लागायची. दोन ओळींत मनगट झटकू लागायचा. अशा पोराला कुणी आळशी म्हटलं की माझं डोकं फिरतं.

लिहिणं म्हणजे एक काम नव्हेच. काय सांगायचं ते जुळवा, शब्दातले ध्वनी सुटे करा, त्यांची अक्षरं आठवा आणि हातानं ती रेघेवर बसवा, सगळं एका दमात. त्यात आपली लिपी देखणी खरी, पण सोपी नाही. ‘किती’ म्हणताना आधी क ऐकू येतो, कागदावर मात्र पहिली वेलांटी त्याच्या डावीकडून निघते. ‘सूर्य’मध्ये र आधी उच्चारायचा आणि लिहायचा कुठे, तर य च्या डोक्यावर. प्र, ट्र, र्य, ऱ्या ही एकाच र ची सोंगं. घ-ध आणि भ-म यांतला फरक तर एवढासा. ज्याच्या हाताला हे पटकन जमत नाही, त्याचा सगळा जीव इथंच खर्ची पडतो. मेंढीसाठी काही उरत नाही.

म्हणून कामं सुटी करावीत. त्या पोरानं सांगायचं, मी लिहून घ्यायचं. मग त्याच्याच वाक्यांतली दोन त्यानं दुरेघी वहीत उतरवायची. अक्षरांचा सराव निराळा, तोही थोडाच: परातीत रवा पसरून बोटानं, वळण तोंडानं बोलत. सतरंजीवर मांडीत वही घेऊन वाकण्याऐवजी पुढ्यात उंच पाट. लाल पेन एका वेळी एकाच चुकीसाठी. आज अनुस्वार पाहायचे तर वेलांटीकडे काणाडोळा. त्याचं अक्षर काही मोत्यासारखं झालं नाही, आणि होण्याची गरजही नव्हती. पण शेवटी शेवटी मेंढी कागदावरही अडू लागली, आणि सुटूही लागली.

कायदा या मुलांच्या बाजूनं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र असेल तर दहावीला जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. चांगलंच आहे. पण माहीतगार पालक बोर्डाची परीक्षा जवळ आली की रुग्णालयाच्या रांगेत उभे राहतात, वाडीवरच्या आईबापाला ‘अध्ययन अक्षमता’ हा शब्दही ठाऊक नसतो. तोवर पोरानं वर्षानुवर्षं ‘ढ’ म्हणवून घेतलेलं असतं. परातीतल्या रव्याला प्रमाणपत्र लागत नाही.

आणि प्राथमिक शाळेत तर नवा नियमही नको. २०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे आणि त्यातल्या आकारिक, म्हणजे शिकवता शिकवता करायच्या, भागात ‘तोंडी काम’ चक्क नोंदवलेलं आहे. मी पाहिलेल्या शाळांत तो रकाना सत्राच्या शेवटी अंदाजपंचे भरला जातो. परिसर अभ्यासाचं उत्तर अशा मुलाकडून तोंडी घ्यावं आणि पूर्ण गुण द्यावेत. त्याला नदी माहीत आहे की नाही, हे तपासायचंय ना? पटावर एवढी पोरं, वेळ कुठला, असं माझ्याच जुन्या सहकाऱ्यांचं म्हणणं असेल. त्यात तथ्य आहे. पण न लागणारं अक्षर लावत बसायलाही वेळ जातोच की.

पालकांनी घरी एवढं करून पाहावं. गृहपाठाचं उत्तर मुलानं सांगावं, आपण लिहावं आणि खाली स्पष्ट नोंद करावी, ‘सांगितलं मुलानं, लिहिलं मी.’ खाली सही. शिक्षकांनी ती वही परत पाठवू नये.